जुनी गाडी कानानं बघतात

जुनी गाडी बघायला जायचं तर सकाळी जावं, आणि सांगितलेल्या वेळेच्या तासभर आधी जावं. गेल्या गेल्या मालकाला नमस्कार करायचा आणि बोलता बोलता हात बॉनेटवर ठेवायचा. पत्रा थंड लागला पाहिजे. गरम लागला तर तुम्ही यायच्या आधीच त्यानं गाडी चालू करून ठेवलीय असं समजा. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू होताना खोटं बोलत नाही. धूर कसला टाकते, खोकते का, किती वेळानं शांत होते, सगळं पहिल्या दोन मिनिटांत कळतं.

मी चौथी शिकलो. पुढं पलटणीत ड्रायव्हर झालो, पेन्शनीत आल्यावर मेढा ते सातारा वडापची, म्हणजे सीटवर माणसं भरून न्यायची, जीप चालवली. त्यातनंच लोक मला गाडी बघायला न्यायला लागले. कुणाचा पोरगा सुट्टीवर आला की म्हणायचे, "आवं फौजी, उद्या साताऱ्याला गाडी बघायची हाय, तुमी पायजे." मी जायचो. पैसे कधी घेतले नाहीत, ना घेणाऱ्याकडून ना विकणाऱ्याकडून. गाडी घरी आली की टॉवेल, टोपी आणि नारळ द्यायचे, तेवढं घ्यायचो. पंचवीस वर्षांत एवढे टॉवेल झाले की अजून दुकानातला टॉवेल मला ठाऊक नाही.

माझी एक रीत होती. माणसाच्या दारात उभं राहून त्याच्या गाडीला नावं ठेवायची नाहीत. ती गाडी त्यानं लेकरासारखी पुसलेली असते. म्हणून घेणाऱ्याला मी वाटेतच सांगून ठेवायचो: चक्कर मारून आल्यावर मी पाणी मागितलं तर गाडी नको, आणि चहा चालेल म्हटलं तर घे. मधे मला काही विचारायचं नाही. लोक तसंच वागायचे. मी गाडीखाली वाकलो की सगळे गप्प, मी मान हलवली की सगळ्यांच्या माना हलायच्या. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू. शाळेत शेवटच्या बाकावर बसलेल्या माणसाचा शब्द शिकलेली माणसं झेलत होती.

हा शब्द मी कशाच्या जोरावर देत होतो? कानाच्या. टायर, रंग, सीटकव्हर हे डोळ्यांना दिसतं आणि ते एका दिवसात बदलता येतं. आवाज बदलता येत नाही. स्प्रिंगच्या पाट्यांची कुरकुर, बेअरिंगची भुणभुण, वळताना एक्सलची टकटक, ह्या सगळ्या मला माणसांच्या आवाजासारख्या ओळखू यायच्या. घरात भाकरी खाता खाता रस्त्यावरनं गेलेली जीप कुणाची ते मी सांगायचो, आणि बायको म्हणायची, "जेवा की आता गप. त्या गाडीचं काय जेवायला वाढायचंय व्हय?"

ते कान गेले. कधी गेले ते कळायला मला उशीर झाला, कारण बायको वारल्यावर घरात बोलणारं कुणी उरलं नव्हतं. पोरगा पुण्याला, पोरगी सांगलीकडं. ऐकायलाच काही नसेल तर ऐकू येत नाही हे कळणार कसं? एकदा कुकरची शिट्टी व्हायची बंद झाली. मी शिट्टी बदलली. तरी होईना, मग रबर बदललं. शेवटी मेढ्याच्या बाजारातनं नवा कुकर आणला. त्यात डाळ करपली तेव्हा मी चुलीपुढं बसून शिट्टीकडं बघत राहिलो. ती उडत होती, वाफ निघत होती, आणि आवाज नव्हता. जाड आवाज मला येतो. ट्रकचा येतो, समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा निम्मा येतो, उरलेला मी तोंडाकडं बघून जुळवतो. बारीक आवाज तेवढे गेले. आणि गाडी बिघडली की आधी बारीकच बोलते.

मी कुणाला सांगितलं नाही. तशी सांगायची वेळही आली नाही. आता लोक मोबाइलवर गाडी बघतात, मोबाइलवरच ठरवतात. दोन वर्षांत एकजण आला होता, तोसुद्धा टायर कुठले चांगले ते विचारायला. माझे दिवस असे जायचे की सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. कधी कधी मीच मोठ्यानं "व्हय" म्हणून बघायचो.

महिन्यातनं एकदा मात्र सिस्टर यायची. सरकारी दवाखान्यातली नर्स. वयानं पस्तिशीची, नवरा पलटणीत, आणि ती घाटातल्या वाड्या-वस्त्या स्कुटीवर हिंडायची. माझं बीपी मोजायची, गोळ्या द्यायची आणि बराच वेळ बोलत बसायची. मी फौजी म्हणून तिला माझं कौतुक असावं. ती बोलायची, मी तिच्या तोंडाकडं बघून हसायचो, व्हय म्हणायचो. महिनाभरात तेवढंच बोलणं, म्हणून मला ते मोडायचं नव्हतं. ऐकू येत नाही म्हणालो असतो तर तिनं दवाखान्यात चला म्हणून धोशा लावला असता, आणि वाडीत सगळ्यांना कळलं असतं.

एक दिवस तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. गाडीचा फोटो होता. पांढरी, छोटी, पेट्रोलवरची. गाडी सांगलीत, एका रिटायर मास्तरांची. ती मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, तुमी बघितल्याशिवाय मी घेनार न्हाई. चलता न्हवं?"

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "सकाळच्या पयल्या गाडीनं निघू."

एसटीत मी तिला चहा-पाण्याची रीत सांगितली. ती हसली. म्हणाली, "म्हंजे मी तोंड उघडायचंच न्हाई?"

"न्हाई. तू चालवायची. बगायचं काम माजं."

सांगलीत मास्तरांच्या दारात पोचलो तर गाडी बाहेर काढून ठेवली होती. पत्रा थंडगार. मला बरं वाटलं. सांगलीची गाडी असली की आधी पुराचं बघावं लागतं. महापुरात बुडालेल्या किती गाड्या धुऊनपुसून आमच्याकडं विकायला आल्या त्याचा पत्ता नाही. चकचकीत गाडीला फसू नका. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, कारण धुणारा माणूस पट्टा दिसतो तेवढाच धुतो आणि आत गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते. डिकीतलं जादा चाक उचला, खाली माती असेल तर नमस्कार करून निघा. मास्तरांच्या गाडीत तसलं काही नव्हतं. ते म्हणाले, "पुराच्या वेळी गाडी मिरजेला मेव्हण्याकडं होती, काका. अगदी निश्चिंत बघा."

मग मी डॅशबोर्ड बघितला. हे कुठल्या गॅरेजवाल्यानं मला शिकवलेलं नाही, माझ्या मी शिकलो. आपल्याकडं माणूस गाडी विकताना आतला देव काढून घेतो. गणपती असो नाहीतर ज्योतिबा, तो घरी नेऊन देव्हाऱ्यात ठेवतो, मग चावी देतो. त्या जागी गोल डाग राहतो, उन्हानं न उडालेला. डाग दिसला की मालक समजून उमजून विकतोय. देव जागेवरच असेल तर खरा मालक कुठं आहे ते आधी विचारा, गाडी हप्ते थकले म्हणून फायनान्सवाल्यानं ओढून आणलेली असते. मास्तरांच्या गाडीत डाग होता. सुपारीएवढा, स्वच्छ.

इथवर माझं बरोबर होतं.

मग चक्कर. सिस्टर स्टिअरिंगला, मी तिच्या शेजारी, मास्तर मागं. जवळच्या मैदानात मी तिला स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरायला लावलं. मग दुसऱ्या बाजूला. काच खाली करून मी डोकं बाहेर काढलं, पूर्वी काढायचो तसंच. इंजिनाचा जाड आवाज येत होता. बाकी काही नाही. इतकी गोड चाललेली गाडी मी आयुष्यात ऐकली नव्हती. आणि तिथंच मला शंका आली, कारण इतकी गोड गाडी नसते. नवीनसुद्धा नसते.

एक उपाय होता. खाली उतरून पुढच्या चाकाच्या आत बघायचं. एक्सलचं रबर फाटलं असेल तर आतलं ग्रीस चाकाला उडालेलं दिसतं, त्याला कान लागत नाहीत. पण माझे गुडघे असे की खाली बसलो तर उठायला कुणाचातरी हात धरावा लागतो. मास्तर माझ्याहून आठ-दहा वर्षांनीच लहान असतील, ताठ चालत होते. त्यांच्यापुढं मला हात मागायचा नव्हता. मी वाकलो नाही. गाडी दारात आली, मास्तरांच्या बायकोनं काय घेणार म्हणून विचारलं. सिस्टर माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "चहा चालंल."

कागदपत्रं झाली. सिस्टरनं गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, आणि आम्ही निघालो. आष्ट्याच्या पुढं पेट्रोल भरायला तिनं गाडी वळवली. परत रस्त्याला लागताना तिनं बाजूला घेतली, थांबवली आणि माझ्याकडं तोंड केलं.

"आजोबा, एक विचारू? रागावनार न्हाई न्हवं?"

"इचार की."

"ह्यो आवाज कसला?"

मी म्हणालो, "कसला आवाज? टायरमदी खडा आडकला आसंल. नव्या मानसाला सगळंच वाजतंय."

ती "बरं" म्हणाली आणि खाली उतरली. ऊन कडक होतं. ओढणी डोक्यावर घेऊन ती चाकापाशी बसली आणि टायरच्या खाचांतनं चावी फिरवायला लागली. एक चाक झालं, दुसरं झालं. मागनं उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्यांचा, त्याचा वारा लागून ती हात टेकून बसली, परत उठून तिसऱ्या चाकाकडं गेली. मी आत सावलीत बसून बघत होतो. नसलेला खडा शोधत होती ती, कारण मी सांगितला होता. तिनं मला खाली उतरून गाडी ढकलायला लावली असती तरी मला एवढी लाज वाटली नसती. चार चाकं बघून ती आली. हात काळे, तोंड लाल.

"खडा न्हाई आजोबा."

मी दार उघडलं पण उतरलो नाही. म्हणालो, "सिस्टर, मला आवाज येत न्हाई."

"आत्ता बंद हाय गाडी. चालू करते, मग—"

"चालू केली तरी येत न्हाई. बारीक आवाज मला येतच न्हाई. दोन वर्सं झाली."

तिला समजायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "आनि मी दर महिन्याला येऊन एवढं बोलते ते?"

"तुज्या तोंडाकडं बगून व्हय म्हनतो."

ती आधी हसली. मग हसायची थांबली. "म्हंजे माजी बदली झाली म्हनून सांगितलं, तवा तुमी हसून 'लय चांगलं झालं' म्हनाला, ते—"

"कसली बदली?"

"शिराळ्याकडं. माज्या म्हायेरजवळ. पुढच्या महिन्यात जायाचं हाय. त्यासाठनं तर गाडी घेतली. मला वाटलं होतं तुमाला वाईट वाटंल. तुमी हसला, मग म्या बी गप बसले."

रस्त्यावरनं गाड्या जात होत्या. मी समोरच्या काचेतनं बघत राहिलो. ती पुढं काही बोलली असली तरी मला कळलं नसतं, मी तिच्या तोंडाकडं बघत नव्हतो.

शेवटी मीच म्हणालो, "गाडी पेट्रोल पंपाच्या आवारात घे. स्टिअरिंग पूर्न वळीव आनि गोल फिर. आनि मला सांग तुला काय ऐकू येतंय."

ती फिरली. "येतोय."

"कसा?"

तिनं तोंडानं करून दाखवला नाही, माझ्या हातावर बोटानं ठोकून दाखवला. टक, टक, टक, टक. चाकाच्या वेगाबरोबर वाढणारा, कमी होणारा.

"सरळ जाताना?"

"न्हाई येत."

"कुठल्या बाजूनं?"

"तुमच्या."

मी उतरलो, तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि डाव्या चाकापाशी बसलो. हात आत घातला. रबर फाटलं होतं, चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा थर. हाताला लागलं तेव्हाच सगळं कळलं. सकाळी वाकलो असतो तर तेव्हाही कळलं असतं. सपाटीला एक्सलचा हा सांधा दिवस काढतो. घाटात, चढाला, वळणावर तुटला तर चाकाला जोर मिळत नाही आणि गाडी जागच्या जागी राहते. सिस्टर अजून महिनाभर आमच्या घाटातनं हिंडणार होती.

"माघारी फिरव," मी म्हणालो.

मास्तरांच्या दारात आता मी उभा राहिलो आणि बोललो. आयुष्यात पहिल्यांदा विकणाऱ्याच्या दारात एवढं बोललो. "मास्तर, गाडीत खोट हाय. ती मला सकाळी कळली न्हाई. मला ऐकू येत न्हाई. चूक माजी, पर भुर्दंड ह्या पोरीला नको."

मास्तर पायरी उतरून खाली आले. मग म्हणाले, "काका, आवाज मला माहीत होता. मैदानात आलाच की चांगला मोठा. मी मागं बसून वाट बघत होतो, आता तुम्ही विचाराल, मग मी सांगेन दुरुस्त करून देतो म्हणून. तुम्ही काही बोलला नाहीत. मला वाटलं, जाणता माणूस आहे, त्याला कळलंय आणि एवढ्या कारणावरून तो मला लाजवत नाही."

सिस्टर म्हणाली, "मला बी आला होता. तुमी चहा म्हनाला, मग मी कशाला बोलू?"

गाडीत आम्ही तिघं होतो. दोघांना ऐकू आलं आणि दोघंही माझं तोंड बघून गप्प बसले. पंचवीस वर्षं मी लोकांना गप्प बसवत होतो आणि त्याला मान समजत होतो. अशा किती गाड्यांत काय काय वाजलं असेल आणि मागं बसलेल्या कुणाच्या बायकोला, कुणाच्या आईला ते आलं असेल, ते आता कुणाला विचारणार?

मास्तर माणूस सरळ निघाले. उद्या ओळखीच्या गॅरेजला नवा एक्सल घालून देतो म्हणाले, आणि दिलाही. गाडी तेवढा दिवस तिथंच राहिली. सिस्टर मुक्कामाला शिराळ्याला आईकडं गेली. मलाही चला म्हणत होती. मी नको म्हणालो. माझ्या पोरीचं घर सांगलीतनं जवळ होतं, तिथंही गेलो नाही. काय सांगून गेलो असतो? सातारची एसटी धरली. शेजारी बसलेला माणूस कराडपर्यंत माझ्याशी काहीतरी बोलत होता. मी खिडकीतनं उसाकडं बघत राहिलो. त्याला वाटलं असेल म्हातारा शिष्ट आहे. वाटू दे.

सिस्टर पुढच्या महिन्यात गेली. जायच्या आधी गाडी घेऊन दारात आली, घाटात दोन वेळा चढून आलीय, काही वाजत नाही म्हणून मोठ्यानं सांगितलं. तिच्या जागी आलेली नवी नर्स वाडीत अंगणवाडीपाशीच बसते, गोळ्या तिथं जाऊन घ्याव्या लागतात.

गेल्या आठवड्यात खालच्या वाडीचा एक गडी मोटारसायकलवरनं आला. सुट्टीवर आलेला फौजी. दारातनंच म्हणाला, "आवं, साताऱ्यात एक जीप बगून ठेवलीय. तुमी येऊन एकदा ऐका की."

मी म्हणालो, "मला ऐकू येत न्हाई गड्या. म्या आता येत न्हाई."

त्याला चेष्टा वाटली. "काय सांगताय! माज्या बाची जीप तुमीच घेऊन दिली होती. मग आता कुनाला न्यायाचं?"

"बायकोला ने. शेजारी बसव. काच खाली घे, गोल फिरीव, आनि तिला काय येतंय ते तिला इचार. ती काय म्हनंल ते ऐक. चाकाच्या आत वाकून बग. गुडगं दुकत असतील तरी वाक."

तो डोकं खाजवत उभा राहिला. बसतोस का म्हटलं, तर हातानंच नको म्हणाला. त्याचं तोंड हललं, काहीतरी बोलला, पण तेव्हा तो वळला होता. मोटारसायकलला लाथ मारताना दिसला. ती चालू झाली हे मला मागनं निघालेल्या धुरावरून कळलं. धूर निळसर होता. तेल खातेय ती, हे सांगायला मी दोन पावलं पुढं गेलो, तवर तो वळणाच्या पलीकडं गेला होता.